मनगटापासून नखापर्यंत

मित्रहो, सुरुवातीलाच एक विनंती. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हलकेच टेकवा. नाडी लागली? नसेल तर बोटं जरा इकडेतिकडे सरकवा. जोरात दाबू नका, दाबलं की ती हरवते.

बोटाखाली हे जे उसळतंय, ते हृदयानं आत्ता ढकललेलं रक्त असं बहुतेकांना वाटतं. पण ते रक्त अजून छातीतच आहे. तुमच्या बोटाला लागली ती दाबाची लाट. धमनीच्या भिंतीतून ती सेकंदाला 5 ते 10 मीटर वेगानं धावते. रक्त मागून सावकाश येतं. लाट उठते कारण भिंत ताणली जाते. हृदय दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत टाकतं. महाधमनी फुगते, त्यातलं बरंचसं रक्त क्षणभर पोटात ठेवते आणि हृदय विसावलं की आक्रसून ते पुढे लोटते. म्हणून हृदय थांबून थांबून काम करत असलं तरी रक्त अखंड वाहतं. वयाबरोबर ही भिंत ताठर होते. मग रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो, खालचा उतरू लागतो. उतारवयात या दोन आकड्यांतलं अंतर वाढतं, त्यामागचं मोठं कारण हेच.

आता एक गुणाकार करू. 70 मिलिलिटर गुणिले मिनिटाला 72 ठोके, म्हणजे सुमारे 5 लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच असतं. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्यापासून समजूत अशी होती, की अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं आणि अवयव ते वापरून संपवतात. विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरनं 1628 साली हिशेब पुढे ठेवला: हृदयातून अर्ध्या तासात जितकं रक्त जातं, तितकं अख्ख्या शरीरातही नसतं. इतकं रक्त रोजच्या अन्नातून येणार कुठून? तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. इतक्या साध्या गुणाकारानं एवढी जुनी समजूत मोडली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्यानं दाखवलेला प्रयोग तुम्ही इथे बसल्याबसल्या करू शकता. हात खाली सोडा, शिरा फुगू द्या. हाताच्या पाठीवरची एखादी ठसठशीत शीर निवडा. बोटांकडच्या टोकाला ती एका बोटानं दाबून धरा. दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त मनगटाच्या दिशेनं निपटत न्या, मधली बारीकशी गाठ ओलांडून पुढे जा आणि ते दुसरं बोट उचला. शीर गाठीपर्यंत रिकामीच राहते. वरचं रक्त खाली येत नाही, कारण ती गाठ म्हणजे झडप आहे. आता पहिलं बोट उचला. भरली ना लगेच, खालून वर? शिरांमधली वाट एकाच बाजूला उघडते. पायांत तर पोटरीचे स्नायू चालताना शिरा पिळतात आणि या झडपांच्या आधारानं रक्त वर चढतं.

हार्वीला एकच दुवा सापडला नाही. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून? 1657 साली तो वारला. चारच वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीत मार्चेल्लो माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं दिसलं. त्याच केशवाहिन्या. तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि वाट बऱ्याच ठिकाणी त्याहूनही अरुंद, त्यामुळे पेशी अंग दुमडून एकामागे एक जातात. भिंत एका पेशीइतकीच जाड. प्राणवायू पलीकडे जातो तो इथेच.

इतकी पातळ भिंत महाधमनीतला दाब सोसूच शकणार नाही. तिथे सरासरी दाब पाऱ्याच्या 90 मिलिमीटरच्या वर; केशवाहिनीच्या तोंडाशी तो 35 च्या आसपास आलेला असतो. मधे हा दाब उतरवतात त्या धमनिका, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या वाहिन्या. माझ्या मते रक्ताभिसरणाचा खरा कारभार यांच्याच हाती आहे. प्वाझय या फ्रेंच संशोधकानं काचेच्या बारीक नळ्यांवर दाखवून दिलं, की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानं बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. नुसती 10 टक्के घटली तरी तो सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो! धमनिकेच्या भिंतीतला स्नायू जरासा आवळला किंवा सैलावला की पुरतं. धावताना पायांना कैकपट रक्त मिळतं आणि मेंदूचा वाटाही राखला जातो, तो याच जोरावर.

मग सैल व्हायचं हे तिला सांगतं कोण? रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकी संशोधक सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारं रसायन घातलं की एखादी पट्टी सैलावायची, एखादी उलट आवळायची. शोध घेता लक्षात आलं, की पट्टी कापताना आतला पातळ अस्तर घासला गेला तर ती सैलावतच नाही. मग अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला लावून ठेवली. सैलावली! म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटून पलीकडे जात होतं. 1980 साली त्यांनी हे छापलं. पुढे कळलं, तो नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. 1998 चं नोबेल या कामाला मिळालं. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरीनची गोळीही अंगात हाच वायू सोडते. डायनामाइट ज्यापासून बनवलं तेच हे द्रव्य, आणि खुद्द आल्फ्रेड नोबेलला अखेरच्या काळात डॉक्टरांनी ते औषध म्हणून सांगितलं होतं.

दाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला की धमनिकांच्या भिंती जाड होतात, पोकळी आकसते. माणसाला काही जाणवत नाही. डोळ्याच्या पडद्यावर मात्र या वाहिन्या उघड्या दिसतात, म्हणून डॉक्टर तिथे डोकावतात.

आता शेवटचं. अंगठ्याचं नख चिमटीत धरा, पांढरं होऊ द्या आणि सोडा. मनात एक, दोन म्हणा. गुलाबी झालं? तो रंग केशवाहिन्या पुन्हा भरल्याचा आहे.