पलीकडे आवाज पोचत नाही तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मुलाखतीचा व्हिडिओ कॉल लागतो, समोरचे तिघेही दिसतात, त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण आपला आवाज काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांवर ही वेळ येते. मग घाईघाईत दिसेल ते बटण दाबलं जातं, ॲप काढून परत टाकलं जातं. कुणी तर लिनक्सच पुसून टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण दोष बहुतेक वेळा लहानसा असतो. तो कुठे आहे हे आधी शोधायला हवं, आणि त्यासाठी सगळ्यात आधी कॉल बंद करायचा.

आता लॅपटॉपवरच स्वतःची चार वाक्यं रेकॉर्ड करा आणि ऐका. रेकॉर्डिंगचं कुठलंही साधं ॲप चालेल. आवाज नीट आला, तर माइक आणि त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, ठीक आहेत. मग ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीशेजारच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटला माइकची परवानगी आहे का ते बघा. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर ॲप स्नॅप पॅकेजमधून, म्हणजे बाकी यंत्रणेपासून थोडं वेगळं ठेवलेलं असेल, तर त्याला माइकची वेगळी परवानगी लागू शकते; तीही तपासा.

रेकॉर्डिंगच कोरं आलं, तर आधी कीबोर्डकडे बघा. कित्येक लॅपटॉपवर माइक बंद करायची स्वतंत्र कळ असते; बऱ्याच थिंकपॅड लॅपटॉपवर ती एफ-४ वर आहे आणि माइक बंद असला की तिच्यावर दिवा लागतो. मग सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे इनपुट. बोलताना तिथली पट्टी हलते का? नसेल हलत, तर यादीतला दुसरा माइक निवडून बघा.

याच्यापुढे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल नावाचं ॲप. उबुंटूत २२.१० या आवृत्तीपासून आवाजाचा कारभार पल्स ऑडिओऐवजी पाइपवायर या सॉफ्टवेअरकडे आला, पण हे ॲप त्याच्यावरही चालतं. रेकॉर्डिंग चालू असतानाच ते उघडा आणि ‘रेकॉर्डिंग’ नावाच्या टॅबवर जा. कुठलं ॲप कुठल्या माइकवरून आवाज घेतंय ते तिथे लिहिलेलं दिसतं. कधी कधी तिथे ‘मॉनिटर ऑफ’ आणि पुढे उपकरणाचं नाव असं काहीतरी निवडलेलं असतं. म्हणजे ॲप स्पीकरचाच आवाज टिपत बसलंय. खऱ्या माइकचं नाव निवडलंत की काम झालं.

आता एक विचित्र दोष. रेकॉर्डिंग छान येतं, परवानगीही आहे, तरी कॉलवर आवाज अगदी पुसट जातो. काही लॅपटॉपमध्ये माइकच्या डाव्या-उजव्या वाहिन्यांवर एकच आवाज एकमेकांच्या उलट येतो. कॉलसाठी दोन्हींची बेरीज झाली की ते एकमेकांना खोडून टाकतात. त्याच ॲपमध्ये ‘इनपुट डिव्हाइसेस’ टॅबवर जा, कुलपाचं चिन्ह दाबून दोन्ही वाहिन्या सुट्या करा आणि उजवी शून्यावर आणा.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल तक्रार येते ती अशी, की गाणी सुरेल वाजतात, पण कॉल लागला की आवाज खरखरीत होतो. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये उत्तम दर्जाचं संगीत ज्या पद्धतीने येतं, त्या ए-टू-डी-पीमध्ये माइकला जागाच नसते. माइक हवा तर हेडसेटच्या पद्धतीवर यावं लागतं, आणि तिथे आवाजाचे सेकंदाला बहुधा ८,००० किंवा १६,००० नमुने, म्हणजे मोजमापं, घेतली जातात; ती कमी पडतात म्हणून आवाज खरखरीत होतो. हा लिनक्सचा दोष नाही. ऐकायला ब्लूटूथ ठेवा आणि इनपुटला लॅपटॉपचाच माइक निवडा. दोन्हीकडचा आवाज सुधारतो.

राहिली एक अवस्था: यादीत माइकच नाही. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ए-रेकॉर्ड हा शब्द इंग्रजीत जोडून लिहा, एक जागा सोडा, वजाचं चिन्ह द्या आणि लगेच लहान लिपीतलं एल. आवाज टिपणारी सगळी उपकरणं तिथे दिसायला हवीत. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये अंगचे माइक डिजिटल असतात आणि त्यांना साउंड ओपन फर्मवेअर नावाचं, उपकरणाच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर लागतं. आर्च या लिनक्सच्या प्रकारावर ते पॅकेज बहुधा आपणच टाकावं लागतं. डेबियन या दुसऱ्या प्रकाराच्या इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर २०२३ साली, बाराव्या आवृत्तीपासून येऊ लागलं; त्याआधीची आवृत्ती असेल तर तेही वेगळं घ्यावं लागतं. पॅकेज टाकल्यावर लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

एवढं करूनही अडलंत, तर जाणकाराला ‘माइक चालत नाही’ एवढंच सांगू नका. लॅपटॉपचं मॉडेल, लिनक्सची आवृत्ती, ए-रेकॉर्डने दाखवलेली यादी, आणि साधं रेकॉर्डिंग झालं की नाही, हे त्याला कळवा. तेवढ्यावरून त्याला कुठून सुरुवात करायची ते लगेच समजेल. नमस्कार.