साठ सेंटीमीटरचं दार

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : बाथरूमचं दार. चौकटीत आडवी धरलेली टेप.]

दार अडीच फुटांचं. आपल्याकडच्या बहुतेक प्लॅनवर बाथरूमच्या दारापुढे हाच आकडा असतो. अडीच फूट म्हणजे 76 सेंटीमीटर. पण हे माप चौकटीच्या बाहेरून धरलेलं. दोन्ही बाजूंच्या चौकटीची जाडी गेली की 63-64 उरतात. दार उघडून काटकोनात उभं राहिलं की त्याची जाडीही यातूनच जाते. मिस्त्रींच्या टेपवर शेवटी दिसतात ते 60.

बाहेर थांबलेली व्हीलचेअर 65 सेंटीमीटर रुंद आहे.

[दृश्य : सिडकोची गल्ली, दुपार. कोपऱ्यावरचं घर.]

नाशिकचं सिडको. सातपूर-अंबडचे कारखाने वाढत गेले, कामगारांना परवडतील अशी घरं हवी होती, आणि इथं एकामागून एक स्कीम उभ्या राहिल्या. एवढ्याशा जागेत मोरी, संडास, स्वयंपाकघर, बाहेरची खोली बसवायची, तर प्रत्येक इंचाला हिशोब लागला. तेव्हाच्या आराखड्यावर चालता येणारं, वाकता येणारं, जिना चढता येणारं माणूसच गृहीत धरलेलं होतं. त्या माणसाचं वय वाढेल, हेही त्या कागदावर कुठे नव्हतं.

या घरात राहणाऱ्या बाई शाळेत शिकवायच्या. अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणते. लहानपणी पोलिओ झाला. पुढे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, मग कुबड्या. कुबड्यांवर या दारातून तिरकं होऊन आत जाता यायचं. आता खांदे साथ देत नाहीत, म्हणून व्हीलचेअर आली, आणि घर अचानक लहान झालं. सोबत त्यांच्या आई असतात. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना काचबिंदू.

[दृश्य : खिळा, सुतळी, खडू.]

कामाची सुरुवात तोडफोडीनं झाली नाही. मिस्त्रींनी फरशीच्या सांध्यात खिळा धरला, त्याला पाऊण मीटरची सुतळी बांधली आणि दुसऱ्या टोकाला खडू लावून गोल काढला. दीड मीटर व्यासाचा हा गोल. व्हीलचेअर पुढे-मागे न करता जागेवर वळवायला एवढी मोकळी जागा लागते. बाहेरच्या खोलीत गोल काढला तर दिवाण मध्ये आला. स्वयंपाकघरात काढला तर फ्रीज. बाथरूममध्ये तर अर्धा गोल भिंतीवर चढला.

"बाई, दार नुसतं मोठं करून भागणार नाही," मिस्त्री म्हणाले. "आत वळायचं कसं, तेही बघावं लागेल."

संडास आणि मोरी यांच्यामध्ये चार इंची भिंत होती. इंजिनीअरनं येऊन खात्री केली, वरचा भार तिच्यावर नव्हता. ती काढायचं ठरलं.

[दृश्य : ग्राइंडरची धार, विटांचा लाल धुरळा.]

दार रुंद करायचं म्हणजे वरचा लिंटेलही, दारावरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, लांब करावा लागतो. आधी वरच्या विटांना टेकू दिले. मग ग्राइंडरनं दोन्ही बाजूंना सरळ काप घेतला, म्हणजे छन्नी मारताना तडा पुढे पळत नाही. जुनी चौकट निघाली, नवा लिंटेल दोन्हीकडे भिंतीत अर्धा-अर्धा फूट घुसवून बसवला आणि तो पक्का होईपर्यंत टेकू तसेच ठेवले. आता ग्रॅनाइटची चौकट आहे, लाकडापेक्षा पातळ. दार बिजागरीवरचं नाही, बाहेरून रुळावर सरकणारं. त्यामुळे पल्ल्याची जाडी मध्ये येत नाही. शिवाय आत कुणी पडलंच, तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि बाहेरच्यांना ते लोटताही येत नाही. सरकतं दार बाजूला घेता येतं. मोकळी रुंदी पूर्ण 90 सेंटीमीटर.

मग उंबरी. मोरीतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपण दारात दोन इंचांची पट्टी बसवतो. ती काढली, तर पाणी? मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच होता, आणि रास्त होता. उत्तर उतारात आहे. आतला जुना कोबा फोडून नवा उतार दिला, मीटरला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, आणि दाराच्या रेषेत या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब जाळी बसवली.

[दृश्य : पाणसळीतला बुडबुडा, जवळून. मग बादली.]

टाइल बसवताना प्रत्येक ओळीवर पाणसळ ठेवली जात होती. बुडबुडा मधल्या रेघेपासून किंचित सरकलेला हवा, सगळीकडे तेवढाच. काम झाल्यावर मिस्त्रींनी भरलेली बादली दारापाशीच ओतली. पाणी पसरलं, क्षणभर घुटमळलं, सिमेंटची राखाडी साय घेऊन जाळीकडे वळलं. बाहेरची फरशी कोरडी राहिली.

कमोडची उंची व्हीलचेअरच्या बैठकीएवढी घेतली. एका बाजूला खुर्ची लावायला जागा, दुसऱ्या बाजूला भिंतीत आधाराचा दांडा. चार इंची भिंतीत नुसते स्क्रू धरणार नाहीत, म्हणून पलीकडून पत्र्याची पट्टी देऊन बोल्ट आरपार घेतले. दांड्याला मिस्त्री स्वतः लोंबकळले, मगच बाईंना बोलावलं.

घरात माणसं पडतात ती बऱ्याचदा ओल्या फरशीवर, आणि उतारवयात मोडलेलं खुब्याचं हाड किती जणांना कायमचं अंथरुणाला खिळवतं, हे घरोघरी माहीत आहे.

[दृश्य : जुनं नाशिक. गल्ली, वाड्याचा दरवाजा.]

हे उंचवटे, हे उंबरे आले कुठून? त्यासाठी जुन्या नाशकात जायला हवं. दहीपूल, सराफ बाजार, खाली गोदाघाट. गोदेला पूर आला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं, त्यावर हे शहर पुराचा अंदाज घेतं. 1969चा महापूर जुनी माणसं अजून सांगतात, 2019चा तर सगळ्यांनी पाहिला. अशा ठिकाणी घर बांधणारा जोतं उंचच घेणार. काळ्या घडीव दगडाचं जोतं, त्यावर ओटा, ओट्यावर चढायला पायऱ्या. मोठ्या दरवाजात लहान दिंडी. तिच्यातून जाताना मान खाली घालायची आणि त्याच वेळी पाय वर उचलायचा.

पण याच वाड्याचा जिना पाहा.

[दृश्य : अंधारा जिना. वरून लोंबणारी दोरी, हातांनी गुळगुळीत झालेली.]

जिना अरुंद, पायऱ्या उंच, उजेड झरोक्यातून येईल तेवढाच. आणि वरच्या तुळईला बांधलेली ही दोरी. चढणारा हिला धरून चढतो. माणसाला आधार लागतो, हे ज्यानं वाडा बांधला त्याला ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक होती. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, ओसरी सगळं खालीच. म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत. वाडे पडले तेव्हा दोरी गेली, ओसरीही गेली. उंबरा तेवढा फ्लॅटमध्ये आला.

[दृश्य : बाईंच्या घराचं मुख्य दार. आई उंबऱ्याला हळद-कुंकू वाहताना.]

बाईंच्या आईंना उंबरा हवाच होता. उंबऱ्याविना घर कसलं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सुतारानं मार्ग काढला. सागवानी पट्टी तीच, पण फरशीत खाच घेऊन फरशीच्या पातळीला बसवली. उंबरा आहे, पूजा होते, शेजारी रांगोळी निघते. चाक अडत नाही.

आईंसाठी आणखी काही बदल झाले, दिसायला अगदी किरकोळ. पांढऱ्या टाइलवर पांढरं कमोड काचबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मागची भिंत गडद निळी घेतली. ओट्याच्या कडेला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी खरखरीत पट्टी. दिव्यांची बटणं मीटरभर उंचीवर आली, प्लग वर घेतले. बसूनही हात पोचतो, उभ्यानं वाकावं लागत नाही. गोल मुठीच्या जागी दांडीची कडी आली. ती कोपरानंही उघडते, हातात पिशव्या असल्या तरी उघडते. शेजारचे काका हे सगळं पाहून गेले आणि आपल्या घरच्या मुठी बदलून बसले. त्यांना कसलंही अपंगत्व नाही.

[दृश्य : गल्लीतली घरं एकामागून एक. प्रत्येक दारापुढे सिमेंटचा उतार, उतारावर स्कूटर.]

सिडको असो, इंदिरानगर असो, गंगापूर रोडची रो-हाऊस असोत, हे दृश्य सगळीकडे आहे. गाडी आत घ्यायची म्हणून प्रत्येकानं उतार केला. कुणी कायदा दाखवला नाही, कुणी अनुदान मागितलं नाही. पण हे उतार इंजिनाच्या जोरावर चढायचे. हातानं चाक ढकलणाऱ्याला ते भिंतीसारखे आहेत.

माणसासाठीच्या उताराचं गणित एकास बारा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. बाईंच्या घराचं जोतं दीड फूट, म्हणजे उतार 18 फुटांचा हवा. घरापुढे तेवढी जागा नाही. घर कोपऱ्यावरचं, बाजूला मोकळी पट्टी होती. फाटकापासून कंपाउंडच्या भिंतीलगत अर्धा उतार, वळणावर दीड मीटरचा सपाट थांबा, मग उरलेला अर्धा. दोन्ही बाजूंना दोन-दोन उंचींवर कठडे. सिमेंट ओलं असताना त्यावर खराट्याचे आडवे फटकारे मारले, म्हणजे पावसात चाक आणि पाय दोन्ही घसरत नाहीत.

[दृश्य : बाई उतारावरून स्वतः खाली येतात. फाटक. रस्ता. निवेदन थांबतं.]

[दृश्य : एका इमारतीचं पार्किंग. लिफ्ट, लिफ्टपुढे तीन पायऱ्या.]

सात मजल्यांची इमारत. लिफ्ट आहे, आत आरसा आहे, बटणांवर ब्रेल आहे. आणि लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या आहेत. पार्किंगमधलं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जाऊ नये म्हणून लॉबी उचलली. कारण बरोबर. उताराला जागा मात्र दोन मोटारींमध्ये कुठेच ठेवलेली नाही.

2011च्या जनगणनेत देशातल्या 2 कोटी 68 लाख माणसांची दिव्यांग म्हणून नोंद झाली. 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017पासून लागू आहे. त्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे, म्हणजे जागा सगळ्यांना वापरता येण्याचे, निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असं केंद्राला बजावलं. तरी या सगळ्याचा रोख सार्वजनिक जागांवर आहे. राहत्या घराच्या आतलं दार अजून घरमालक, बिल्डर आणि मिस्त्री यांच्याच हातात आहे.

सगळ्यांना वापरता येईल अशा बांधकामाच्या विचारामागे एक नाव आहे. रोनाल्ड मेस, अमेरिकेतले वास्तुविशारद. लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअर वापरणारे. शिकायला गेले त्या विद्यापीठात जिन्यावरून त्यांना उचलून न्यावं लागे आणि स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नसे. पुढे त्यांच्या प्रयत्नांतून 1973 साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात सुगम बांधकामाची नियमावली आली. काहींसाठी वेगळी सोय करण्यापेक्षा मुळातच सगळ्यांना चालेल असं बांधा, ही त्यांची भूमिका. 1997मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या विचाराची सात तत्त्वं मांडली. त्यातलं एक आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. वापरणाऱ्याच्या हातून चूक होणार हे धरूनच रचना करावी. पाय घसरणार, तर हाताशी दांडा असावा.

[दृश्य : पाथर्डी फाट्याकडचं बांधकाम. उघडा स्लॅब, फक्कीच्या पांढऱ्या रेघा.]

इथं अजून भिंती नाहीत. स्लॅब पडलाय, खोल्या फक्कीनं आखल्यात, विटांचा पहिला थर लागायचा आहे. एक कुटुंब साइटवर आलंय. मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली. आज वडील तिला उचलून घेतात. आणखी चार-पाच वर्षांनी उचलता येणार नाही, हे त्यांनी आजच इंजिनीअरला सांगितलं.

इंजिनीअरनं फूटपट्टी काढून प्लॅनवर पेन चालवलं. बाथरूमचा स्लॅब आधीच खाली घेतलेला आहे, त्यामुळे उंबरीशिवाय उतार सहज बसेल. दोन खोल्यांमधला बोळ तीन फुटांऐवजी चार फुटांचा. बाथरूम आणि शेजारची खोली यांच्यातली भिंत फूटभर सरकवली. पुढे कधी दांडा लावावा लागेल, त्या जागी भिंत चार इंचीऐवजी सहा इंची. दारं रुंद झाली, तर विटा उलट कमीच लागतील.

"फक्की पुसायला किती वेळ लागतो?" वडिलांनी विचारलं. गड्यानं तोवर पायानं एक रेघ पुसलीसुद्धा होती.

बाईंच्या घरी याच कामासाठी टेकू, ग्राइंडर, छन्नी आणि घरभर धुरळा लागला. इथं फोडायला काही नाही. चौकटींची ऑर्डर अजून गेलेली नाही, ती आता मीटरभर मापानं जाईल.