उंची किती?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना मी पहिल्याच भेटीत विचारतो, "यांची उंची किती?" लोक गोंधळतात. न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत पसरलाय, नळी घालून व्हेंटिलेटर लावलाय, आणि डॉक्टर उंची काय विचारतात! आज त्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुफ्फुस वाढत नाही. त्याचं माप मुख्यतः उंचीवर आणि स्त्री की पुरुष यावर ठरतं. समजा, १५० सेंटिमीटर उंचीच्या, ८५ किलो वजनाच्या एक मावशी आहेत. उंचीवरून काढलेलं त्यांचं वजन येतं साधारण ४३ किलो. किलोमागे ६ मिलिलिटर धरले तर एका श्वासाला २६० मिली हवा. काट्यावरचं वजन धरलं तर ५१०. मिनिटाला वीस-पंचवीस वेळा, दिवसरात्र, जवळजवळ दुप्पट हवा! बुटक्या बायकांच्या वाट्याला हे जास्त येतं, आणि मला ते फार लागतं, कारण ते टाळायला फक्त एक टेप पुरते.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांच्या सल्ल्यावरून सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. छाती किती साथ देते हे त्या हाताला कळत असणार. पण तिथे मुख्य दुखणं स्नायूंचं होतं. आपल्या मावशींचं फुफ्फुसच आजारी आहे. एआरडीएस म्हणतात त्याला. वायुकोशांत पाणी भरतं, काही भाग मिटून जातो. इटलीतल्या लुचानो गॅटिनोनी यांनी १९८०च्या दशकात सीटी स्कॅनवर दाखवलं की हवा घेणारा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढाच उरू शकतो. त्याला 'बेबी लंग' म्हणतात. मोठ्या माणसाचा श्वास त्या इवल्या भागात कोंबला, तर उरलेलं चांगलं फुफ्फुसही जखमी होतं.

२००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरचा अभ्यास आला. किलोमागे १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. आणि गंमत नव्हे, धडा आहे हा: पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचे आकडे मोठ्या श्वासाच्या गटातच बरे दिसत होते. मॉनिटर छान दिसला म्हणून माणूस वाचतोच असं नाही.

पण उंचीने निरोगी फुफ्फुसाचं माप कळतं. किती शिल्लक राहिलंय ते कळत नाही. म्हणून आम्ही श्वास क्षणभर आत थांबवून दाब पाहतो आणि त्यातून पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही ठेवलेला दाब, वजा करतो. उरतो तो हवा आत ढकलायला लागलेला दाब. तेच २६० मिली एका मावशींना ९ सेंटिमीटर पाण्याच्या दाबात जातील, दुसऱ्या मावशींना १८ लागतील. दुसऱ्यांचं 'बेबी लंग' अधिक लहान आहे. तिथे २६०सुद्धा जास्त असू शकतात.

 

मग प्रत्येकाचा सीटी किंवा एक्स-रे बघून व्हेंटिलेटर वेगळ्या पद्धतीने का लावू नये? फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर ते करून पाहिलं, २०१९मध्ये निकाल आला. फुफ्फुसाचा ठरावीक भागच खराब असेल तर एक पद्धत, सगळीकडे असेल तर दुसरी. एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांचा प्रकारच चुकीचा ओळखला गेला होता, आणि चुकीच्या पद्धतीवर गेलेल्यांचे मृत्यू वाढले. मी म्हणेन, माप चुकीचं घेऊन शिवलेला कपडा तयार कपड्यापेक्षाही वाईट बसतो. म्हणून आधी सगळ्यांना लागू पडणारं नीट करायचं, मग बारकावे.

बहुतेक नातेवाइकांना उंची सांगता येत नाही. मग सिस्टर पलंग सपाट करतात, टाळूपासून टाचेपर्यंत टेप धरतात, आणि आकडा चिकटपट्टीवर लिहून व्हेंटिलेटरला लावतात.