संकरित हायड्रोजेल: पेशींचा तात्पुरता आधार

डोळ्यांसमोर आणा अल्जिनेटच्या द्रावणाचा एक थेंब. कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात पडताक्षणी त्याच्यावर कवच धरू लागते आणि थोड्याच वेळात चिमट्याने उचलता येईल अशी पारदर्शक गोळी तयार होते. अल्जिनेट हे तपकिरी समुद्रशैवालातून मिळणारे बहुवारिक, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, आहे. त्याच्या दोन साखळ्या समोरासमोर आल्या की मधल्या पोकळ्यांत कॅल्शियमचे आयन जाऊन बसतात, साखळ्या एकमेकींना जखडल्या जातात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते; असे पाणी धरून ठेवणारे जाळे म्हणजे हायड्रोजेल. या क्रियेला उष्णता लागत नाही की विषारी रसायन लागत नाही. त्यामुळे द्रावणात आधीच मिसळलेल्या जिवंत पेशी तिच्यातून सुखरूप पार पडतात.

इजा झालेल्या ऊतीच्या जागी नवी ऊती वाढवायची, तर पेशींना असा ओला, मऊ आधार लागतो. अडचण अशी की अल्जिनेटमध्ये पेशी जगल्या, तरी त्यांना पकड घ्यायला तिथे काहीच नसते. शरीरातील बहुतेक पेशी भोवतालच्या प्रथिनांना चिकटून राहतात. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा छोटासा क्रम त्यांना पकडीसाठी पुरतो, हे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. कोलॅजेनपासून बनणाऱ्या जिलेटिनमध्ये हा क्रम असतो; मात्र साधे जिलेटिन शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला वितळून जाते. एक टिकते पण पेशींना धरत नाही, दुसरे धरते पण टिकत नाही. म्हणून दोघांना एकत्र आणून संकरित जेल बनवण्याचा विचार पुढे आला.

नुसते मिश्रण पुरत नाही, कारण न बांधलेले जिलेटिन जाळ्यातून हळूहळू झिरपून जाते. त्यावर उपाय म्हणून जिलेटिनला मेथाक्रिलॉइल नावाचे रासायनिक गट जोडतात. मग प्रकाशसंवेदी रसायनाच्या साहाय्याने, प्रकाश पडताच त्याच्या साखळ्या कायमच्या सांधल्या जातात. आधी कॅल्शियमने आकार धरायचा आणि नंतर प्रकाशाने जिलेटिनचे दुसरे जाळे पक्के करायचे, असा हा दुपदरी क्रम आहे. प्रकाशाची मात्रा जास्त झाली, तर त्या वेळी निर्माण होणारे मुक्त मूलक (अतिशय क्रियाशील कण) पेशींनाच इजा करतात, त्यामुळे इथे हात आखडता ठेवावा लागतो. शिवाय नैसर्गिक पदार्थ म्हणजे निर्धोक पदार्थ, असे धरून चालू नये: शैवालाची जात आणि शुद्धीकरणाची पद्धत बदलली की अल्जिनेटचे गुणधर्मही बदलतात.

जेल किती ताठ असावे, यालाही महत्त्व आहे. कोलॅजेनचा थर दिलेल्या कृत्रिम जेलांवर मानवी मूलपेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) वाढवून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मेंदूइतक्या मऊ जेलावर पेशी चेतापेशींकडे झुकल्या, स्नायूइतक्या ताठ जेलावर स्नायूंकडे आणि त्याहून ताठ जेलावर हाडांकडे. संकरित जेलात दोन घटकांचे प्रमाण आणि सांध्यांची संख्या बदलून ही ताठरता ठरवता येते.

त्याहून अवघड प्रश्न हे जेल नाहीसे केव्हा व्हावे, हा आहे. जिलेटिन पेशींच्या विकरांनी कापले जाते आणि पेशी वाट काढत स्वतःचे कोलॅजेन रचू लागतात. अल्जिनेट तोडणारे विकर मात्र आपल्या शरीरात नाही. त्यातील कॅल्शियमची जागा सोडियम घेत जातो, तसे ते केव्हातरी ढिले पडते, आणि हा काळ नेमका सांगता येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी अल्जिनेटचे अंशतः ऑक्सिडीकरण करून त्याच्या साखळीत पाण्याने तुटतील असे दुवे मुद्दाम ठेवले जातात.

जाड ऊतीत प्राणवायूची अडचण येते. रक्तवाहिनीपासून सुमारे १०० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे तो पुरेसा पोहोचत नाही; कूर्चेत मुळातच रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिच्यावरचे काम तुलनेने सोपे ठरले. इतरत्र संशोधक थंड, न सांधलेल्या जिलेटिनचे धागे जेलात छापतात. तापमान ३७ अंशांवर नेले की ते वितळून बाहेर काढता येतात आणि मागे पोकळ नलिका राहतात. या नलिकांच्या भिंतींवर रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी लावून त्यांतून पोषक द्रव वाहता ठेवला जातो.