अँडी कोण? जेसन इस्बेलची सोलो गाणी आणि त्याचे रिव्ह्यू लिहिणारे

मागे आवाज येतोय ना? बरं. आधी एक तुकडा ऐकवतो, मग बोलतो. २०१८ ला अमेरिकन गायक-गीतकार जेसन इस्बेलचा लाइव्ह अल्बम आला, नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममधला, त्यातलं हे 'कव्हर मी अप'. संथ गाणं आहे, हळूहळू तापत जातं, आणि एका ओळीत तो म्हणतो की मी दारू सोडली, ह्या वेळेला कायमची. आता ऐका. ऐकलंत? नेमकं त्या शब्दांवर अख्खं थिएटर ओरडतं. ओळ पूर्ण व्हायचीसुद्धा कोणी वाट बघत नाही. आपल्याकडे समेवर दाद येते तसली ही दाद नाहीये हो. ही बातमीला आलेली दाद आहे, एखाद्या नातेवाइकाचं ऑपरेशन नीट झालं कळल्यावर घरात जसा गलका होतो ना, तसली.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ही टाळी लोकांनी वाजवायच्या आधी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी वाजवली, छापून, आणि त्या टाळीच्या आवाजात ह्या माणसाची निम्मी गाणी नीट ऐकूच आली नाहीत.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९७९ चा, अलाबामा राज्यातला, मसल शोल्सच्या जवळच्या ग्रीन हिल नावाच्या वस्तीतला. मसल शोल्स म्हणजे फेम स्टुडिओ वगैरे, छोटं गाव पण तिथे रेकॉर्ड झालेल्या सोल म्युझिकने जग हलवलंय. बाविसाव्या वर्षी पठ्ठ्या ड्राइव्ह-बाय ट्रकर्स ह्या बँडमध्ये गेला. त्या बँडमध्ये आधीच पॅटर्सन हूड आणि माइक कूली असे दोन तगडे लिहिणारे बसलेले, आणि ह्याने आल्या आल्या 'आउटफिट' आणि 'डेकोरेशन डे' अशी गाणी दिली, २००३ च्या अल्बमवर आहेत ती. 'आउटफिट' मध्ये बाप पोराला सांगतोय, माझ्यासारखा लोकांची घरं रंगवत बसू नकोस म्हणून. बावीस-तेवीसचं पोर आणि बापाच्या तोंडून बोलतंय, आणि खरं वाटतं! हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे. दुसऱ्याच्या तोंडून बोलणं हा ह्याचा हातखंडा, अगदी पहिल्यापासून.

मग दारू, मग बँडमधल्याच बेस गिटार वाजवणारीशी झालेलं लग्न मोडलं, आणि २००७ ला तो बँडमधून बाहेर. त्याच वर्षी पहिला सोलो अल्बम, 'सायरन्स ऑफ द डिच'. आता गंमत बघा, सोलो म्हणायचं पण फेम स्टुडिओतच रेकॉर्ड केलेला, प्रोड्यूसर म्हणून सोबत पॅटर्सन हूड, वाजवायला निम्मे ट्रकर्स. त्यामुळे रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचं काम सोपं झालं, सगळी तुलना जुन्या बँडशी. वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलाच्या घरी जाऊन आईच्या हातची आमटी आठवायची, तसलं. वाईट नाही लिहिलं कोणी, पण कोमट. त्या अल्बमवर 'ड्रेस ब्लूज' आहे, इराकमध्ये मेलेल्या, इस्बेलच्याच भागातल्या एका पोराच्या अंत्यविधीचं गाणं, गावातल्या शाळेच्या जिममध्ये लोक जमलेत, आणि गाणारा कुठेही भाषण ठोकत नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या इस्बेलचं बी तिथेच आहे. २००९ आणि २०११ च्या अल्बमांचंही थोडंफार तेच झालं, फक्त २०११ च्या अल्बममधलं 'अलाबामा पाइन्स' पुढच्या वर्षी अमेरिकाना म्युझिक असोसिएशनचं साँग ऑफ द इयर ठरलं. अमेरिकाना म्हणजे कंट्री, फोक, रॉक ह्या अमेरिकन मुळांचं मिश्र संगीत.

आणि मग २०१२. फेब्रुवारीत तो रिहॅबमध्ये, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात गेला, नेण्यात पुढाकार अमांडा शायर्सचा, ती स्वतः फिडल वाजवणारी, टेक्ससची गीतकार. २०१३ च्या फेब्रुवारीत दोघांनी लग्न केलं. जूनमध्ये 'साउथईस्टर्न' आला. अल्बम यायच्या थोडे दिवस आधी न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने त्याच्यावर लांबलचक लेख छापला, दारू, रिहॅब, लग्न, सगळं त्यात. म्हणजे गाणी घरी यायच्या आधी त्यांची पत्रिका येऊन पडली होती! मग रिव्ह्यू कसे आले असतील तुम्हीच विचार करा. कौतुकाचा पाऊस, आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये पहिल्या परिच्छेदात रिहॅब. २०१४ ला अमेरिकानाचे आर्टिस्ट, अल्बम आणि साँग असे तिन्ही मोठे पुरस्कार ह्यालाच.

मी काय म्हणतोय ते चुकीचं घेऊ नका. अल्बम जबरदस्तच आहे. आणि मी पण त्याच पंगतीला बसलेलो. मी रिव्ह्यू वाचून मग अल्बम ऐकला, आणि 'एलिफंट' ऐकून इतका हललो की लगेच मोठी पोस्ट टाकली, जेसनने आपल्या कॅन्सर झालेल्या मैत्रिणीवर काय गाणं लिहिलंय बघा, दारू सुटलेल्या माणसाची नजर बघा, वगैरे वगैरे. चाळीसेक लाइक आले, मी खूश. खाली एकाने एवढंच लिहिलं, "पहिली ओळ परत ऐका." ऐकली. पहिल्याच ओळीत ती बाई त्याला नावाने हाक मारते आणि ते नाव जेसन नाहीये, अँडी आहे! अँडी, तू तुझ्या भूतकाळापेक्षा चांगला आहेस असं काहीतरी म्हणते, डोळा मारते, आणि ग्लास रिकामा करते. म्हणजे गाणाऱ्याने दाराशीच पाटी लावलीय की हे माझं घर नाही, आणि मी पाटी न वाचता आत घुसून त्याच्या फ्रिजमध्ये काय आहे बघतोय.

मग मी परत बसलो अल्बम घेऊन. 'इव्हेट' मध्ये बोलणारा एक शाळकरी पोरगा आहे, वर्गातल्या मुलीवर तिचा बाप अत्याचार करतोय हे त्याला कळलंय आणि तो रायफल घेऊन तिच्या घराबाहेर उभा आहे. 'लाइव्ह ओक' मध्ये दरोडेखोर आहे, खून केलेला, पळून आलेला, एका बाईच्या प्रेमात पडलेला, आणि त्याला शंका अशी की हिला मी आवडतो की माझ्यातला तो जुना गुन्हेगार आवडतो. शेवटी ती बाई जमिनीत जाते, आणि कुठल्या लाकडाचा क्रॉस केला, कुठल्या लाकडाची पेटी केली, तेवढं तो सांगतो. ती कशाने मेली ते सांगत नाही. सुताराची नजर आहे ही, लाकडाचं नाव घेतो आणि बाकी गप्प. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर 'लाइव्ह ओक' मागे दारू सोडल्यावर माझ्यातलं काय काय जाईल ही भीती होती असं इस्बेलने स्वतःच सांगितलंय, त्यामुळे रिव्ह्यूवाल्यांना सगळा दोष देता येत नाही. धागा त्यानेच दिला. पण त्या भीतीपासून दरोडेखोरापर्यंत तो कसा पोचला, ह्या प्रवासावर कोणी लिहिणार की नाही? कच्च्या कैरीचं कौतुक करताय, लोणचं कोण चाखणार?

आपल्याकडे जात्यावर ओवी म्हणणारी बाई "माझा भाऊ" म्हणते तेव्हा तिला सख्खा भाऊ आहे का हे विचारायला आपण जात नाही ना. सासुरवाशिणीचा "मी" सगळ्यांचा असतो. मग गिटार हातात आली की आपण लगेच आधार कार्ड का मागतो?

एक गोष्ट मात्र रिव्ह्यूवाल्यांनी बरोबर पकडली, ती म्हणजे आवाज. प्रोड्यूसर डेव्ह कॉब. आवाज एकदम पुढे आणलाय, गिटार जवळ, बाकी सगळं मागे सारलेलं, त्यामुळे कोणीतरी समोरच्या खुर्चीवर बसून गातंय असं वाटतं. कॉबने पुढे कंट्री गायक क्रिस स्टेपलटनचा 'ट्रॅव्हलर' हा अल्बम केला आणि मेनस्ट्रीम कंट्रीचाच कान बदलला. पण इथेही मेख आहे बरं का. आवाज इतका जवळ आला की माणूस खरंच बोलतोय असं वाटायला लागतं, आणि मग अँडीचा जेसन व्हायला वेळ लागत नाही. हा रेकॉर्डिंगचाच परिणाम आहे, पण क्रेडिट गेलं प्रामाणिकपणाला.

पुढचं पटकन सांगतो. २०१५ चा 'समथिंग मोर दॅन फ्री', २०१७ चा 'द नॅशव्हिल साउंड', २०२३ चा 'वेदरव्हेन्स', तिघांनाही बेस्ट अमेरिकाना अल्बमचं ग्रॅमी. आता रिव्ह्यूवाल्यांचा प्रश्न बदलला, की सुखी माणूस चांगली गाणी लिहू शकतो का? म्हणजे पिऊन पडला होता तेव्हा काळजी, सावरला तर ही काळजी! ह्याच काळात 'इफ वी वेअर व्हॅम्पायर्स' आलं, दोघांपैकी एक आधी जाणार आणि दुसरा एकटा उरणार हे इतक्या साधेपणाने सांगणारं, आणि मागे सूर धरायला खुद्द अमांडा. लोकांनी ते लग्नांमध्ये वाजवलं. मरणाचं गाणं, लग्नात! कारण दोघं नवरा-बायको, गोड जोडी, झालं.

आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला.

२०२५ च्या मार्चमध्ये 'फॉक्सेस इन द स्नो' आला आणि हा मात्र शब्दशः सोलो, बँड नाही, कोणी नाही, न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत पाच दिवसांत केलेला, हातात १९४० सालची एकच मार्टिन गिटार, लहान अंगाची, महोगनीची. बोटं तारेवर सरकतात ते ऐकू येतं. आता वाद्यावर लिहायला ह्याच्याहून मोठी संधी कुठली? पण रिव्ह्यू बहुतेक घटस्फोटाचे आले, कुठली ओळ कोणाला उद्देशून ह्याची चिकित्सा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अमांडाचा 'नोबडीज गर्ल' हा अल्बम आला, मग काय, कोर्टातच बसल्यासारखं, ह्याची साक्ष, तिची उलटतपासणी.

पण 'फॉक्सेस इन द स्नो' वर 'ग्रॅव्हलवीड' नावाचं गाणं आहे. त्यात तो सरळ माफी मागतो, की ती सगळी प्रेमाची गाणी, त्यांचे अर्थ आज बदललेत, सॉरी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रायमनमधली ती टाळीच आठवली. ही ओळ बायकोला आहे असं सगळे म्हणतात, असेलही. मला ती आपल्याला वाटते, ज्यांनी ती गाणी आपल्या लग्नात वाजवली आणि ज्यांनी त्यांचे रिव्ह्यू लिहिले त्यांना.

हो, तुमचा हात वर होता. काय म्हणालात? मग मी रिव्ह्यू वाचायचे बंद केले का? छे हो, वाचतो ना, सवय कुठे जाते. फक्त आता अल्बम आधी ऐकतो. आणि ती पोस्ट अजून तशीच आहे, डिलीट नाही केली, खाली ती कमेंट आहे म्हणून.