अ‍ॅनेट हॅनशॉ : कर्ण्यापुढचा जॅझ

(दृश्य : फिरणारी दहा इंची तबकडी. गाणं संपतं, आवाज येतो.)

"दॅट्स ऑल!"

झालं, एवढंच. पाथे या तबकड्यांच्या कंपनीसाठी १९२६ मध्ये गायला लागलेल्या अमेरिकन जॅझ गायिका अ‍ॅनेट हॅनशॉच्या तोंडून सुरुवातीच्या एका ध्वनिमुद्रणाच्या शेवटी हे शब्द सहज निघून गेले. कंपनीने ते काढले नाहीत आणि पुढे तीच तिची खूण झाली. ही खूण फार कामाची ठरली, कारण तिच्या कितीतरी तबकड्यांवर तिचं नावच नसे.

(दृश्य : हार्मनी, डिव्हा, व्हेल्व्हेट टोन यांची लेबलं.)

१९२८ नंतर तिची बरीचशी गाणी कोलंबिया कंपनीच्या या स्वस्त लेबलांवर निघाली. हळवी गाणी गे एलिसच्या नावाने. तेव्हाची गायिका हेलन केन हिच्यासारखा लाडिक, बाळबोली आवाज काढायचा असेल तेव्हा पॅट्सी यंग किंवा डॉट डेअर. एकच गळा वेगवेगळ्या नावांनी खपवायचा, हा धंद्याचा सरळ हिशेब होता. गायिकेचं मात्र त्यात नुकसान झालं. ऐकणाऱ्याला गाणं आवडलं, तरी ते कोणी गायलंय हे त्याला कळायचं नाही.

नुकसान आवाजाचंही झालं, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय अ‍ॅनेट ऐकूच नये.

१९२५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मायक्रोफोन घेतला. कोलंबियाकडे जुनी यांत्रिक सामग्री पडून होती. ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी हार्मनी हे स्वस्त लेबल काढलं. त्यामुळे इतरत्र मायक्रोफोनचं विद्युत ध्वनिमुद्रण रुळलं, तरी हार्मनीवर दशक संपत येईपर्यंत कर्णाच, म्हणजे आवाज गोळा करणारं मोठं नरसाळंच, चालू होता. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहणार, मागे वाद्यवृंद दाटीवाटीने. आवाजाच्या जोरानेच कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणात खाच पाडायची.

(दृश्य : कर्ण्याचं जुनं छायाचित्र, शेजारी दोन ध्वनिलहरी.)

कर्ण्याला साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं पकडता येत नाही. 'स' आणि 'श' मधली सळसळ जाते, झांजेची धार जाते. खालच्या बाजूला ढोल आणि बास बोथट होतात. कुजबुज तर उमटतच नाही, आणि स्वर जोरात लावला की पडदा थरथरून आवाज फाटतो. म्हणून उंच स्वराला एक पाऊल मागे, हळव्या ओळीला पुन्हा पुढे, अशी गायकाची ये-जा चालायची.

अ‍ॅनेटचा गळा लहान, गाणं जवळजवळ बोलण्यातलं. तालाच्या किंचित मागे रेंगाळायचं आणि ओळीच्या शेवटी बरोबर जागेवर यायचं, ही तिची खरी ताकद. असा गळा मायक्रोफोनसाठीच जन्मलेला, आणि ऐन बहरात तो कर्ण्यापुढे उभा केला गेला. तरीही शब्द न् शब्द कळतो. आमच्या मते तिच्या कौशल्याचा याहून मोठा पुरावा नाही.

तिच्या स्वतःच्या नावाने निघालेली त्याच काळातली विद्युत मुद्रणं लावून पाहा. श्वास ऐकू येतो. १९२७ च्या पाथे मुद्रणांत जो व्हेनुटीचं व्हायोलिन, एडी लँगची गिटार आणि एड्रियन रोलिनीचा बास सॅक्सोफोन आहे. पाथेच्या तबकड्यांत मात्र खालून एक घरघर येते. त्यांचं मूळ मुद्रण मोठ्या सिलिंडरवर होई आणि तबकडी त्यावरून नक्कल करून बनवत. ती घरघर तिथली आहे. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही.

मूळ तबकडी लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सुई नंतरच्या एलपी तबकडीची नको. ती सुमारे १८ मायक्रॉनची असते, या रुंद खाचेला ७५ च्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि फक्त खरखर वर येते. दुसरं म्हणजे वेग. मिनिटाला ७८ फेऱ्यांचा आकडा तेव्हा पक्का नव्हता. ८० ने कोरलेली तबकडी ७८ ने लावली, तर तीन मिनिटांचं गाणं साडेचार सेकंद लांबतं आणि स्वर जवळजवळ पाव स्वराने उतरतो. अ‍ॅनेट थकलेली वाटते. पियानोच्या पट्टीशी ताडून वेग जुळवा.

(दृश्य : रेडिओ, १९३३.)

१९३२ पासून ती 'शो बोट' या रेडिओ कार्यक्रमात घरोघरी पोचली. १९३३ मध्ये पॅरामाउंटच्या एका लघुपटात दिसली, पडद्यावर तेवढीच. लोकांपुढे गायची तिला मनापासून धास्ती होती. १९३४ नंतर तबकड्या थांबल्या, काही वर्षांत रेडिओही. १९८५ मध्ये ती गेली. जन्मसाल बरीच वर्षं १९१० छापलं जायचं, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी म्हणून तिचं कौतुक व्हायचं. खरं साल १९०१.

(दृश्य : सीतेचं सपाट रंगांतलं अ‍ॅनिमेशन.)

२००८ मध्ये नीना पेली या अमेरिकन चित्रकर्तीने 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा चित्रपट केला. त्यात सीता अ‍ॅनेटच्या आवाजात गाते. लंकेतली वाट पाहणं, अग्निपरीक्षा, त्याग, सगळं विसाच्या दशकातल्या गाण्यांत. जोर न लावता दुःख सांगायची अ‍ॅनेटची रीत तिथे फार शोभते. अडचण आली ती हक्कांची. गाण्यांच्या शब्द-चालींसाठी आधी सुमारे २ लाख २० हजार डॉलर मागितले गेले, घासाघीस होऊन ५० हजारांवर आलं. नंतर पेलीने चित्रपट सर्वांसाठी खुला केला.

१९२९ मध्ये छापून प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या रचना अमेरिकेत १ जानेवारी २०२५ ला हक्कांतून मुक्त झाल्या. ध्वनिमुद्रणांचा हिशेब वेगळा, शंभर वर्षांचा : १९२६ च्या तबकड्या १ जानेवारी २०२७ ला, १९२९ च्या १ जानेवारी २०३० ला.