गेम आपला, चावी त्यांची

नमस्कार मंडळी, आज जरा चिडूनच माइकसमोर बसलोय, आवाज चढला तर सांभाळून घ्या. झालं काय, परवा कपाट आवरताना एक जुना गेम सापडला, डबा, डिस्क, सिरियल नंबर, सगळं शाबूत. म्हटलं चला, बघू चालतोय का. इन्स्टॉल झाला, नंबर टाकला, आणि मग स्क्रीनवर ते चाक नुसतं गोल गोल फिरत बसलं, कारण तो नंबर ज्या सर्व्हरकडून पास व्हायचा तो सर्व्हर कंपनीने कधीचाच बंद करून टाकलाय. म्हणजे पैसे मी दिले, डिस्क माझ्या हातात, आणि चावी मात्र त्यांच्या खिशात.

आता तुम्ही म्हणाल, जुना गेम होता, सोडून दे ना. बरं, सोडला. मग नवीन ऐका. युबीसॉफ्टचा 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम २०१४ च्या डिसेंबरात आला. अख्खी अमेरिका छोटी करून त्यात बसवलेली, एका किनाऱ्यावरून निघायचं ते दुसऱ्या किनाऱ्याला, मजा होती. एकट्याने खेळायची स्टोरीसुद्धा होती त्यात, पण एकटे खेळत असलात तरी इंटरनेट पाहिजेच, कंपनीच्या सर्व्हरशिवाय गाडी जागची हलणार नाही अशी रचना. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि गेम ठार. बरं इथपर्यंतही एकवेळ समजू शकतो, सर्व्हर चालवायला खर्च येतो. पण पुढच्याच महिन्यात लोकांच्या अकाउंटमधून त्या गेमचं लायसन्ससुद्धा काढून घ्यायला लागले! जे मेलंय ते तरी ठेवा की लोकांकडे, कोणी हौशी मंडळी स्वतःचा सर्व्हर जुळवून ते चालवतीलही, पण नाही.

हे करता येतं कारण आपण गेम विकत घेतच नाही, वापरायची परवानगी घेतो, आणि ती परवानगी कधीही मागे घ्यायचा हक्क कंपनी त्या लांबलचक करारात लिहून ठेवते, जो आपण सगळेच न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबून मोकळे होतो. भाड्याच्या घराला निदान तारीख तरी असते हो, इथे तीही नाही. कॅलिफोर्नियात यावर २०२४ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. नुसती परवानगी विकत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर बटणावर 'बाय', म्हणजे 'विकत घ्या', असं लिहू नका. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरायच्या आधी आता तशी ओळ दिसते. चांगलंय, पण खरं सांगू का, चावी अजून त्यांच्याकडेच आहे, फक्त आता तोंडावर सांगतात एवढंच.

आणि हे आजचं नाही. २००८ मध्ये ईए कंपनीचा 'स्पोर' गेम आला तेव्हा त्यात सिक्युरॉम नावाचं कुलूप होतं, एक कॉपी तीनदाच अ‍ॅक्टिव्हेट करता येणार. म्हणजे कॉम्प्युटर बदललात, फॉरमॅट मारलात, झालं, संपले तुमचे चान्स. लोकांनी अ‍ॅमेझॉनवर एक-एक स्टार देऊन नुसता धुरळा उडवला, मग कंपनीने तीनाचे पाच केले. गंमत बघा, हे सगळं पायरसी थांबवायला, आणि पायरेटेड कॉपी तर बिनकुलपाची आरामात फिरत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. ज्याने इमानदारीत पैसे मोजले तोच रांगेत उभा.

त्याच ईएचा २०१३ चा 'सिमसिटी', शहर वसवायचा गेम, तर अजून भारी. सतत ऑनलाइन पाहिजे, आणि आल्या आल्या सर्व्हर झोपले, लोक गेम घेऊन लॉगिनच्या स्क्रीनकडे बघत बसलेत. कंपनीचं म्हणणं, शहराची गणितं आमच्या सर्व्हरवर होतात, त्यामुळे ऑफलाइन करणं सोपं नाही. मग थोड्याच दिवसांत एका मॉडरने, म्हणजे हौसेने गेममध्ये फेरफार करणाऱ्याने, तो इंटरनेटशिवाय चालवून दाखवला, आणि वर्षभराने २०१४ मध्ये कंपनीनेच ऑफलाइन मोड दिला. म्हणजे जमत होतं की रे बाबांनो!

२०१३ मध्येच मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा गेमचा कन्सोल आणताना सांगितलं होतं की कन्सोलला चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला हजेरी लावावी लागेल, आणि गेम खेळून झाल्यावर मित्राला देणं, सेकंडहँड विकणं यावर बंधनं येतील. लोक असे काही भडकले की जून महिन्यातच सगळं मागे घ्यावं लागलं. नाक दाबल्यावर तोंड उघडतं ते असं. पण डिस्कच्या गेमवर टिकलेला तो हक्क डाउनलोडमध्ये आपसूक गेला, आणि तेव्हा कोणी फार ओरडलं नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. पुस्तक वाचून झालं की दुसऱ्याला देता येतं, डाउनलोड केलेला गेम नाही.

लूट बॉक्सबद्दल थोडक्यातच बोलतो, नाहीतर रात्र सरेल. पैसे भरा, बंद पेटी उघडा, काय निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्यांना सरळ जुगार म्हटलं. आणि 'फोर्टनाइट' गेमवाल्या एपिक कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने (एफटीसी) २०२२ मध्ये २४.५ कोटी डॉलर परत द्यायला लावले, कारण बटणंच अशी मांडलेली की नको असताना खरेदी व्हायची.

तर मग करायचं काय? 'द क्रू'नंतर रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम काढली. मागणी काही अवाजवी नाही बरं का, सर्व्हर जन्मभर चालवा असं कोणी म्हणत नाहीये, बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. युरोपात त्या मागणीवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कंपन्या म्हणतात खर्च येईल, किचकट आहे. असेलही, जुन्या गेमच्या बाबतीत मी मानतोसुद्धा. पण नवीन गेम बनवतानाच हा शेवट धरून चाललं तर? त्याच युबीसॉफ्टने गवगवा झाल्यावर 'द क्रू २'ला ऑफलाइन मोड देऊ म्हणून जाहीर केलंच की. आणि सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २०२४ मध्ये दोन आठवड्यांत बंद पडला तेव्हा त्यांनी घेणाऱ्यांचे पैसे परत केले. तिथे गेम गेला, पण खिसा तरी कापला नाही कोणी.

आज घरी गेलात की एक करा, वायफाय बंद करा आणि आपल्या यादीतला एकेक गेम सुरू करून बघा. मी काल केलं, निम्मेसुद्धा उघडले नाहीत. ती जुनी डिस्क मात्र परत डब्यात घालून कपाटात ठेवलीय, टाकवत नाही. चला, येतो.